भिंतीभर देव आणि आत नुसती पिंड

देव अवतार घेतो म्हणजे नेमकं काय होतं, यावरून माझ्या मामाचं आणि मावशीचं कायम वाजतं. मामा अंबरनाथचा. ऑर्डनन्स फॅक्टरीत टूलरूमला होता, आता निवृत्त. सोमवारचं शिवमंदिर चुकवत नाही. मावशी त्याच्याहून लहान, बदलापूरला कुळगावात राहते, शाळेत संस्कृत शिकवायची. देवळात तीही जाते, पण मूर्तीचे हात मोजायला. मामाच्या मते ती देवाचीसुद्धा उत्तरपत्रिका तपासते. दोघांची भांडणं मी लहानपणापासून ऐकत आलोय. श्रावणात देवळाच्या आवारात झालेलं हे मात्र लिहून ठेवावंसं वाटलं, कारण ते एका भिंतीपाशी सुरू झालं आणि उल्हासनगर, मलंगगड करत थेट सिंधू नदीला जाऊन भिडलं. सगळं जसंच्या तसं उतरवलेलं नाही. मध्ये गुडघेदुखीची आणि लोकलच्या गर्दीची बरीच चर्चा होती, ती गाळली आहे.

देऊळ ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडं. वालधुनीच्या काठी काळ्या बसाल्टमध्ये घडवलेलं हे शिवालय भूमिज शैलीतलं. उत्तर कोकणच्या शिलाहारांपैकी छित्तराजाने काम काढलं आणि त्याचा भाऊ मम्मुणी याने पुरं केलं. उत्तरेच्या दारावर आतल्या बाजूने शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाडांनी त्यातला शक ७८२ असा वाचला होता. पुढे भगवानलाल इंद्रजींच्या वाचनात तो ९८२ निघाला, म्हणजे इ.स. १०६०. एका आकड्याने देऊळ दोनशे वर्षांनी धाकटं झालं. शिखराचा वरचा भाग नाही, त्यामुळे गाभाऱ्यावर उघडं आकाश. पांडवांनी एका रात्रीत बांधायला घेतलं आणि उजाडलं म्हणून अर्धवट टाकलं, ही गोष्ट अंबरनाथच्या प्रत्येक पोराला ठाऊक असते. पांडवांनी महाराष्ट्रात इतकी बांधकामं एकेका रात्रीत उरकली आहेत की त्यांना वनवास भोगायला वेळ कधी मिळाला, कळत नाही.

मावशीने भिंतीपासूनच सुरुवात केली.

मावशी : दादा, हे बघ. हा नटराज. तो गजासुराचं कातडं पांघरून नाचणारा. ही महिषासुरमर्दिनी, पलीकडे हाडांचा सापळा झालेली काली. ब्रह्मदेव आहे, गणपती आहे. ती तीन तोंडांची मूर्ती बघ, मांडीवर देवी बसलीय. इंग्रजांच्या गॅझेटियरवाल्यांनाही तिचं नाव छातीठोकपणे सांगता आलं नव्हतं; महादेव-पार्वती असावेत, असं म्हणून ते पुढे गेले. एवढा पसारा बाहेर, आणि पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात जावं तर काय? जमिनीलगत पिंड. ना नाक, ना डोळा. मग बाहेर ही जत्रा कशाला भरवली?

मामा : बाहेरून येणाऱ्यासाठी. खाली उतरलं की तिची गरज संपते.

मावशी : हे तू कीर्तनात ऐकलंस.

मामा : कीर्तनात कशाला? कारखान्यात शिकलो. ओतकाम करताना आधी लाकडाचा पॅटर्न करतात, त्यावर वाळू ठोकून साचा करतात आणि त्यात रस ओततात. गार झाला की वाळू फोडून टाकायची. फुटलेल्या साच्यासाठी कुणी रडत बसत नाही. पण साचा नसता तर रस जमिनीवर सांडला असता. मूर्तीचं तसंच आहे.

मावशी : छान. म्हणजे पॅटर्न करणारा माणूसच ना? माझंही तेच म्हणणं आहे. देवाला रूप माणसाने दिलं. घरी जाऊ या.

मामा : थांब की. रस कुणाचा, ते नाही सांगितलंस.

मावशी थांबली. तिच्या पिशवीत कुमुद कानिटकरांचं या देवळावरचं पुस्तक होतं. भिंतीवरच्या मूर्तींची मांडणी शैव सिद्धांताशी कशी जुळते, ते त्यात आहे. तिने ते काढलं नाही, पण पुढचं बोलणं त्या दिशेने गेलं.

मावशी : आधी एक गोष्ट नीट करू. या भिंतीवर आहेत ती शिवाची रूपं, अवतार नव्हेत. नाचणारा शिव आणि गजासुराला मारणारा शिव वेगवेगळ्या आयांच्या पोटी जन्मले नाहीत. अवताराला आई लागते, गाव लागतं, शत्रू लागतो, शेवटी मरणही लागतं. रामाला शरयू, कृष्णाला पारध्याचा बाण. शैवांनी शिवाला सहसा गर्भवास दिला नाही. वैष्णवांनी विष्णूला दिला, आणि भरपूर दिला.

मामा : म्हणून तर विष्णू आपल्याला जवळचा वाटतो. ज्याला मरण आहे त्याला दुःख कळतं.

मावशी : शंकराचार्यांना विचार. गीतेवरच्या भाष्यात ते म्हणतात, भगवंत जणू देह घेतो, जणू जन्मतो. त्या ‘जणू’त सगळं आलं. खरा जन्म नाही आणि खरं दुःखही नाही. रामानुजांना ते मुळीच मान्य नव्हतं. ते म्हणतात, देह खरा, येणं खरं. दोघांनी एकाच श्लोकांवर भाष्य केलं. तुझा देव खरंच आला की नुसता आल्यासारखा दिसला, यावर आचार्यांचंच एकमत नाही.

मामा : माझ्या आईला, म्हणजे तुझ्याही आईला, दोन्ही चालायचं. सकाळी पाळणा हलवायची आणि संध्याकाळी म्हणायची, सगळी त्याची माया.

याला मावशीकडे उत्तर नव्हतं, किंवा आईच्या आठवणीपुढे तिने ते दिलं नाही. तिने मोर्चा यादीकडे वळवला. या बाजूला ती पटाईत.

मावशी : मत्स्यावतारच घे. ही गोष्ट पहिल्यांदा सविस्तर येते ती शतपथ ब्राह्मणात. मनू सकाळी हात धुतोय, ओंजळीत एवढासा मासा येतो, म्हणतो मला वाढव, मी तुला वाचवीन. पुढे पूर येतो, नाव येते, मासा ती ओढून नेतो. सगळं आहे, विष्णू कुठेच नाही. महाभारतात तोच मासा शेवटी सांगतो की मी ब्रह्मा प्रजापती. विष्णू त्याला चिकटतो पुराणांत. कासवाचं आणि वराहाचंही तेच; ब्राह्मणग्रंथांत ती प्रजापतीची रूपं आहेत. मासा आधी आला, मालक मागाहून ठरला.

मामा : ठरू दे की. मासा तोच, पूर तोच, वाचवणंही तेच. या देवळाला आधी ८६० साल लावलं, मग १०६० निघालं. म्हणून एखादा दगड इकडचा तिकडे झाला का? तुझ्या पंडितांना वाचायला उशीर लागला, एवढंच.

मला हे उत्तर आवडलं, मावशीलाही आवडलेलं दिसलं. पण ते पुरं पडत नाही. शिलालेख दगडात कोरलेला होता, तो परत वाचता आला. माशाची गोष्ट ज्याने ज्याने सांगितली त्याने आपल्या हाताने बदलली. ती पुन्हा मुळातून वाचायला मूळ असं काही शिल्लकच नाही.

मावशी : बरं, मासा राहू दे. दहा तरी ठरलेत का? भागवताच्या पहिल्या स्कंधात बावीस अवतार मोजलेत आणि वर म्हटलंय की गणती नाही. या देवळाच्या लेखानंतर सहाच वर्षांनी, १०६६ साली, तिकडे काश्मीरात क्षेमेंद्राने दशावतारचरित पुरं केलं. त्यात नववा बुद्ध. आणि आपल्याकडे मराठी मुलखात दशावताराची जुनी चित्रं बघ, नवव्या जागी कित्येकदा विठोबा कमरेवर हात ठेवून उभा असतो. एक जागा आणि उमेदवार दोन.

मामा : विठोबा आपला लाडका, म्हणून त्याला बसवला.

मावशी : आणि बुद्धाला? त्यालाही लाडका म्हणून?

मामा जरा वेळ गप्प राहिला. मग त्याने जे सांगितलं ते मी त्याच्याकडून आधी कधी ऐकलं नव्हतं.

मामा : माझ्या शेजारच्या लेथवर एक जण होता. बौद्ध. आमचं चांगलं जमायचं, डबा एकत्र. बुद्धजयंतीला त्याने खीर आणली, तेव्हा मी मोठ्या प्रेमाने म्हटलं, अरे, तो आमचाही आहे की, नववा अवतार. त्याने हातातला मायक्रोमीटर पुसला, डबीत ठेवला, डबी बंद केली आणि मग बोलला. म्हणाला, १४ ऑक्टोबर १९५६ ला माझे वडील नागपूरला होते. बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे मी मानणार नाही, ही त्यातली एक. तू मान देतोयस असं तुला वाटतं. मला ते हिसकावून घेणं वाटतं.

मावशी : मग तू काय म्हणालास?

मामा : काय म्हणणार? खीर खाल्ली.

मावशी : त्याचं बरोबर होतं, दादा. पुराणांनीही बुद्धाला सगळीकडे मानाने घेतलेलं नाही. विष्णुपुराणात विष्णू मायामोह नावाचा पुरुष निर्माण करतो. कशासाठी, तर असुरांना वेदांपासून फोडून त्यांचा नाश करायला. म्हणजे ती शिकवण हीच फसवणूक! जयदेवाच्या गीतगोविंदात मात्र तोच बुद्ध यज्ञातली पशुहत्या बघून कळवळतो. आत घ्यायचं की नाही, आणि घेतलं तर पाटावर बसवायचं की उंबऱ्याशी, हे घेणाऱ्याने ठरवलं. ज्याला घेतलं त्याच्या माणसांना कुणी विचारलं नाही.

इथे मला मध्ये बोलावंसं वाटतं, कारण या वादाची खरी गाठ इथे आहे. अवतार ही कल्पना महाराष्ट्रात देवांना एकमेकांचे नातेवाईक करण्यासाठी सर्रास वापरली गेली. बदलापूरजवळ मुळगावच्या डोंगरावर खंडोबा आहे. खंडोबा म्हणजे मणि-मल्लांना मारायला आलेला मार्तंडभैरव, शिवाचा अवतार. म्हाळसा पार्वतीचा अवतार, बाणाई गंगेचा. म्हाळसा वाण्यांची, बाणाई धनगरांची. दोन्ही घरची सोयरीक एका पुराणात बसवून टाकली. पण बाणाई गंगा झाली म्हणून धनगरांच्या हातून ती गेली नाही. मेंढरं राखणारी, नवऱ्याला वेड लावणारी बाणाई ओव्यांतून आणि वाघ्या-मुरळीच्या जागरणातून तशीच राहिली. अवताराची गोष्ट तिच्या लोकांनीही आनंदाने सांगितली. बुद्धाच्या बाबतीत ती परक्यांनी सांगितली, आणि ज्यांचा तो होता त्यांनी शेवटी नागपुरात तिला जाहीर नकार दिला. कल्पना एकच. फरक पडला तो सांगणाऱ्याने. मावशीला हे मान्य आहे. मामालाही आहे, पण त्याला त्यावर थांबायचं नव्हतं. त्याला उल्हासनगर आठवलं.

मामा : तुला वाटतं अवतार म्हणजे पोथीवाल्यांचा खेळ. चेटीचंडला उल्हासनगरला ये माझ्याबरोबर. चैत्र शुद्ध द्वितीया, आपला पाडवा झाला की दुसऱ्या दिवशी. मी एका सिंधी कुटुंबाकडे जातो. परातीत कणकेचा दिवा करतात, वाती लावतात, भोवती खडीसाखर, वेलदोडे, फळं, कलशावर नारळ. त्याला बहराणा म्हणतात. गात-नाचत तो पाण्याकडे न्यायचा आणि सोडायचा. मूर्ती असो नसो, ज्योत आणि पाणी पाहिजेच. झूलेलाल वरुणाचा अवतार, हे त्यांना कुण्या शास्त्र्याने शिकवलेलं नाही.

मावशी : मला कौतुक वाटतं ते वरुणाचं. वेदात केवढा मोठा देव! पुराणांत येईतो त्याला पश्चिम दिशेचा राखणदार करून मकरावर बसवून ठेवला. आणि सिंधूकाठच्या लोकांनी त्यालाच अवताराला बोलावलं. पण कथा बघ. जुलमी राजा, थट्ट्याचा मिर्खशाह. धर्म बदला नाहीतर मरा म्हणतो. लोक नदीकाठी चाळीस दिवस उपास करतात. नसरपूरला मूल जन्मतं. आईचं नाव काय, तर देवकी! कृष्णाच्या गोष्टीतून उचललेलं सरळ दिसतं. काळ दहाव्या शतकाचा सांगतात, आणि थट्ट्याला वैभव आलं ते सम्मा राजांच्या वेळी, चौदाव्या शतकात.

मामा : देवकी उचलली असेल. शेवट उचलला का? कंस मेला. मिर्खशाह मरत नाही. झूलेलाल त्याला पाण्याची आणि आगीची ताकद दाखवतो, राजा शरण येतो, जिवंत राहतो. ज्यांनी ही गोष्ट केली त्यांना शेजारच्या मुसलमानांबरोबर पुढेही राहायचं होतं. कुणाला मारून चालणार नव्हतं.

मावशीने मान डोलावली. हे तिच्या यादीत नव्हतं. सिंधमध्ये उदेरोलाल नावाच्या गावी एकाच आवारात देऊळ आणि दर्गा आहे. हिंदूंचा उदेरोलाल, म्हणजेच झूलेलाल, तोच मुसलमानांचा शेख ताहिर. जिंदा पीर म्हणूनही त्याला ओळखतात, पाण्याच्या ख्वाजा खिज्रशीही जोडतात. एकाच तेजाला दोन घरांत दोन नावं, आणि फाळणीनंतरही ती जागा दोघांची राहिली.

मावशी : आता माझं ऐक. तू आज दुकानादुकानात झूलेलालची तसबीर बघतोस. पांढरी दाढी, डोक्यावर मुकुट, हातात पोथी, कमळावर बसलाय, खाली पल्ला मासा, भोवती सिंधू. हे रूप घराघरात पोचलं ते फाळणीनंतर. दर्यापंथी लोक पूर्वी ज्योत आणि पाणी पूजायचे. इकडे आल्यावर प्राध्यापक राम पंजवानींनी गाण्यांतून, कार्यक्रमांतून झूलेलाल आणि चेटीचंड साऱ्या सिंध्यांची खूण करून टाकली. सिंधमध्ये नदी समोर होती, तेव्हा चेहऱ्यावाचून अडत नव्हतं. नदी सुटली तेव्हा चेहरा लागला. तसबीर ट्रंकेत घालून आणता येते, सिंधू आणता येत नाही.

मामा : आणि म्हणे मी कीर्तनात ऐकतो! अगं, हे तर तू माझंच बोललीस. गरज पडली तेव्हा तो उतरला.

मावशी : गरज पडली तेव्हा त्यांनी काढला.

मामा : बरं, काढला. कुणी काढला? ज्यांचं सगळं मागे राहिलं त्यांनी. कल्याणजवळ लढाईतल्या लष्कराच्या बराकी रिकाम्या पडल्या होत्या, त्यात लाखभर माणसं आणून ठेवली. कॅम्प एक, कॅम्प दोन, अशी पत्त्याची सुरुवात. अजूनही पत्ता तसाच सांगतात. ८ ऑगस्ट १९४९ ला राजाजींनी कोनशिला बसवली आणि त्याचं उल्हासनगर झालं. नाव कशावरून, तर नदीवरून. सिंधू गेली आणि उल्हास मिळाली. त्या माणसांना जाऊन सांग, तुमचा देव छापखान्यातून आलाय म्हणून.

मावशी : सांगणार नाही. खोटा आहे असं मी म्हटलंच नाही. मी म्हणते, तो त्यांनी घडवला. तुला ‘घडवला’ म्हणजे ‘खोटा’ असं वाटतं, ही तुझी अडचण. तू जन्मभर यंत्रांचे भाग घडवलेस, ते काय खोटे होते?

हा घाव वर्मी बसला. मामा हसला खरा, पण उशिरा.

पल्ल्याबद्दल एक गोष्ट जाता जाता. पल्ला म्हणजे बंगाल्यांचा इलिश. अंडी घालायला तो समुद्रातून नदीत शिरतो आणि प्रवाहाविरुद्ध वर चढतो. सिंधमध्ये लोक म्हणायचे की तो सक्करला जिंदा पिराच्या दर्शनाला निघालाय. १९३२ साली सक्करलाच बॅरेज झालं, १९५५ साली खाली कोटरीला. आता पल्ला कोटरीलाच अडतो. तसबिरीतला मात्र अजून पिराच्या पायाशी आहे.

अंबरनाथहून मलंगगड दिसतो, त्यामुळे बोलणं तिकडे वळलं नसतं तरच नवल. हाजी मलंग म्हणावं की मच्छिंद्रनाथांची समाधी, यावर तिथे वर्षानुवर्षं घोषणा चालू आहेत. हिंदू केतकर घराण्याकडे परंपरेने वहिवाट असलेला हा दर्गा. मावशीने फक्त एवढंच म्हटलं की एकनाथांच्या परंपरेत दत्त येतो तो मलंगाच्या, म्हणजे फकिराच्या वेशात, आणि ओळखणाऱ्याला ते ओळखता यावं लागतं. मामा म्हणाला, तिथे आता कुणाला ओळखायचं नाहीये, नाव लावायचं आहे. या एका मुद्द्यावर दोघांचं भांडण झालं नाही, म्हणून मीही तो लांबवत नाही.

मामा : तू म्हणतेस घडवला. ठीक आहे. पण घडवलेल्या वस्तूत तो येतो की नाही? वैष्णवांत मूर्तीलाच अवतार म्हणतात, हे तूच मला सांगितलं होतंस.

मावशी : अर्चावतार. पांचरात्रात देवाच्या पाच अवस्था सांगतात: पर, व्यूह, विभव, अंतर्यामी आणि अर्चा. राम-कृष्ण विभवात येतात. ते आले आणि गेले, आपली भेट चुकली. अर्चा म्हणजे देवळातली, देवघरातली मूर्ती, ती आपल्या वाट्याची. श्रीवैष्णव आचार्यांना यातच देवाचा मोठेपणा दिसतो. जो सगळ्यांना सांभाळतो तो इथे भक्ताच्या ताब्यात येऊन बसतो. न्हाऊ घातलं तर न्हायचं, भरवलं तर जेवायचं, विसरलं तर उपाशी राहायचं.

मामा : मग हा विचार गणपतीला लाव. आपण मातीचा आणतो. आणल्यावर ती माती. प्राणप्रतिष्ठा करताना गुरुजी दूर्वांनी डोळ्यांना तूप लावतात, मंत्र होतो, त्या घडीपासून तो देव. मग त्याच्याकडे पाठ करून बसायचं नाही, त्याला एकटं टाकून घराला कुलूप लावायचं नाही. दीड दिवसाने उत्तरपूजा. अक्षता वाहायच्या आणि मूर्ती जागेवरून किंचित हलवायची. बोटभर. तेवढ्याने ती परत माती. मी पन्नासदा बघितलंय, आणि दर वेळी त्या बोटभर हलण्यापाशी पोटात कालवतं. तुझ्या घडवण्यात हे कुठे बसतं?

मावशी : चांगलं बसतं. घडवलंय हे ठाऊक असल्याशिवाय कुणी असा निरोप देईल का? ज्याला वाटतं की हीच मूर्ती म्हणजे देव, तो तिला पाण्यात सोडूच शकणार नाही. तो तिच्यासाठी मारामारी करील. आवाहन करणारा विसर्जनही आपल्याच हाताने करतो. म्हणून तर रूपाला मुदत देतो.

मामा : मुदत रूपाला. आलेल्याला नाही.

मावशी : आलेल्याबद्दल मला काही बोलता येत नाही, दादा. मला फक्त आणणारे दिसतात.

मला विचाराल तर या ठिकाणी मामाचं पारडं जड आहे. आणणारे दिसतात, हे खरं. पण बोटभर हललेल्या मूर्तीपाशी ज्यांच्या पोटात कालवतं त्यांच्या अनुभवाचा हिशोब ‘घडवलं’ या एका क्रियापदात पुरा होत नाही. मात्र बुद्धाच्या बाबतीत मावशीला टाळता येत नाही. तिथे मामाच्या पोटात काय झालं याला किंमत नाही. समोरच्याचं काय झालं त्याला आहे.

आणि मावशीने शेवटी तोच धागा पकडला. ऊन उतरलं होतं, बदलापूरची गाडी गाठायची होती.

मावशी : एक सांग. चेटीचंडला हात जोडतोस ते कुणाला? वरुणाला, विष्णूला, की तसबिरीतल्या म्हाताऱ्याला?

मामा : ज्यांच्या घरी गेलो त्यांच्या देवाला. ते म्हणतात झूलेलाल, तर झूलेलाल. ते म्हणतात वरुणाचा अवतार, तर तसं. त्यांचा देव आहे, त्यांनी सांगायचं.

मावशी : आणि त्या लेथवाल्या मित्राकडे? अजून जातोस ना?

मामा : जातो की. बुद्धाला नमस्कार करतो. नववा म्हणून करत नाही. गौतम बुद्ध म्हणून करतो. त्याला अवतार म्हणायचं सोडलं मी.

मावशी : म्हणजे तुझ्या दहांत एक जागा रिकामी झाली.

मामा : रिकामी कशी? विठोबा उभा आहे तिथे.

मावशी : अरे, पण ढेऱ्यांनी आख्खं पुस्तक लिहिलंय, ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’. विठ्ठल मुळात गवळी-धनगरांचा देव, वैष्णव मागाहून केला, असं आहे त्यात!

मामा : मग धनगरांना विचारू. चल, तुझी गाडी जाईल.